ओवाबाईचा म्हातारा

माघ सरत आला की आजोळहून खोका येतो. तासगावच्या पलीकडच्या वस्तीवरून सकाळी कुणीतरी तो एसटीत ठेवून देतं आणि दुपारी सांगलीच्या स्टँडवर मी उतरवून घेते. वरची कागदाची कातरणं बाजूला सारली की खाली द्राक्षाचे घड, अंगावरची पांढुरकी लव अजून तशीच. धुवायच्या आधी मी एक घड नाकाशी नेते. घरातले हसतात, द्राक्षाला कसला आलाय वास म्हणतात. असतो वास. देठाचा हिरवट वास असतो, जरासा मोरचुदाचा असतो, आणि त्याच्या मागून तापलेल्या मशीनवरच्या जळक्या धुळीचा. हा शेवटचा खोक्यात नसतो, एवढं मलाही कळतं. तो सत्तरच्या दशकातल्या एका हंगामातला आहे आणि माझ्या नाकात मुक्कामाला राहिला आहे.

तेव्हा मी सातवीत होते. वडील साताऱ्याला एसटीत कंडक्टर, आई सारखी आजारी, म्हणून मला वर्षभर आजोळी ठेवलेलं. घरात आबा, म्हणजे आईचे वडील, आणि शालनमामी. मामा पलटणीत, वर्षातून एकदा सुट्टीवर. मामीचं वय तेव्हा जेमतेम एकवीस-बावीस असेल. नववीतून उठवून लग्न लावून दिलेलं. माझं सातवीचं इतिहासाचं पुस्तक ती चुलीपुढं बसून वाचायची, आणि भाकरी करपली की मलाच रागवायची.

आबांबद्दल काय सांगू? बोलणं कमी आणि ऐकू येणं त्याहून कमी. मळ्यातल्या इंजिनाशेजारी उभं आयुष्य गेलेलं, कान त्या इंजिनानंच नेले असं ते म्हणायचे. काही विचारलं की समोरच्याच्या तोंडाकडं निरखून बघायचे आणि उत्तर एकच द्यायचे, "बघू." आबांचं बघू म्हणजे नाही, हे वस्तीवरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. आणि द्राक्षं उतरायला लागली की मळा सोडून जायचं त्यांच्या जिवावर यायचं. एका हंगामात सख्ख्या भाच्याचं लग्न आलं, तिथंही गेले नाहीत. अक्षता पडत होत्या तेव्हा आबा मांडवाखाली घड मोजत होते म्हणे.

त्या वर्षी आमच्या हायस्कूलच्या इंग्रजीच्या सरांना सिनेमाचं खूळ लागलं होतं. महिनाभर पुण्याला कसल्याशा वर्गाला जाऊन आले आणि येताना एक मशीन आणि पत्र्याचे गोल डबे घेऊन आले. डब्यात लहान मुलांचे सिनेमे, तेही चेकोस्लोव्हाकियाचे. त्या देशाचं नाव एका दमात म्हणायची आमच्यात पैज लागायची. सर म्हणाले, त्या देशात पोरांसाठी असे सिनेमे काढतात की मोठी माणसं तिकीट काढून बघतात. आमच्या वस्तीवर तोवर पोरांसाठी वेगळं असं काही कुणी काढलं नव्हतं, जावळ सोडून.

शाळेत वीज नव्हती, आमच्या मळ्यातल्या शेडला होती. मग बाजारच्या दिवशी, कामाला सुट्टी असताना, भर दुपारी शेडच्या खिडक्यांना पोती ठोकली. पडदा म्हणून आबांचं जुनं धोतर ताणून बांधलं. फवारणीच्या दिवसांत ते कमरेला असल्यानं त्यावर मोरचुदाचे निळे डाग होते. पडद्यावर बर्फ पडायला लागला तर बर्फावर हे निळे ठिपके! पुढं किती तरी वर्षं मला वाटायचं, युरोपातल्या बर्फाला निळे ठिपके असतात. पहिल्यांदा खरा बर्फ फोटोत पाहिला तेव्हा तो मला कोरा, अपुरा वाटला.

सिनेमा लागण्याआधी सरांनी एका कागदावरची इंग्रजी गोष्ट आम्हाला मराठीत समजावून सांगितली. एक म्हातारं इंजिन असतं, ते भंगारात निघणार असतं, पोरं त्याला वाचवतात. झालं, सगळी मंडळी इंजिनाची वाट बघत बसली. पडद्यावर मात्र एक पोरगी, तिचा आजा आणि एक हंस की बदक, काय ते. इंजिनाचा पत्ता नाही. कागद भलत्याच सिनेमाचा आला होता. खाली इंग्रजी अक्षरं उमटतील असं सरांना सांगितलं होतं, तीही उमटली नाहीत. पडद्यावरची माणसं त्यांच्या भाषेत भडाभडा बोलत होती आणि घामाघूम झालेले सर कागद उलटसुलट करत होते.

त्याआधी एक गंमत झाली होती. सुरुवातीला नावं पडतात, तेव्हा सर एकेक पाटी वाचून दाखवत होते. एका पाटीवर सरांनी वाचलं, "सेनार." मागून कुणीतरी विचारलं, "सोनार? सोनाराचं काय काम हितं?" सर म्हणाले, सोनार नाही, सिनेमाची गोष्ट आणि बोलणं लिहितो तो माणूस. पण सोनारच आम्हाला बरा वाटला. कुणीतरी बसून बारीक हातोडीनं ठोकून ठोकून घडवतं, असंच काहीसं असणार ते. त्या पाटीवरच्या नावाच्या शेवटी "ओवा" होतं. सरांनी पुण्यात शिकलेलं सांगितलं, त्या देशात बाईच्या नावाला शेवटी ओवा लागतो. शेडभर हशा पिकला. एक म्हातारी म्हणाली, बाळंतिणीच्या देशातली दिसतीया. तेव्हापासून ती आमची ओवाबाई झाली. खरं नाव कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही, याचं मला आज वाईट वाटतं.

मामी मात्र हसली नव्हती. तिनं मला कोपरानं ढोसून हळूच विचारलं, "म्हंजी ह्ये समदं एका बाईनं बसून लिवलंय?" मी हो म्हटलं. ती पुन्हा पडद्याकडं बघायला लागली, पण आता निराळ्या डोळ्यांनी.

तर सर अडकले होते. पोरं चुळबुळायला लागली, बायका उठायच्या बेतात आल्या. आणि माझ्या शेजारून आवाज आला. पडद्यावरची पोरगी आजाला काहीतरी विचारत होती आणि मामी इकडून तिच्या तोंडात शब्द घालत होती, आमच्या शब्दांत. आजा, ह्या पाखराला भायेर न्हेऊ का? पाय गारठल्यात त्याचं. बायका खाली बसल्या. अंधारात डोक्यावरचा पदर कुणाला दिसतोय, मामी उठून धोतराशेजारी जाऊन उभी राहिली आणि तासभर एकटी सगळ्यांचं बोलली. आजीचं, पोरीचं, दूधवाल्याचं, पाखराचंसुद्धा. पाखराला तिनं जी मिजास दिली ती ओवाबाईलाही सुचली नसेल.

सिनेमा असा होता. डोंगरातलं खेडं, ढीगभर बर्फ. आजा लाकडाची खेळणी करतो, तोंडात चिलमीसारखं काहीतरी. सणाला कापायला म्हणून आजीनं पाखरू पोसलेलं आणि पोरीचा त्याच्यावर जीव. पोरगी दर थोड्या वेळानं आजाला काहीतरी विचारते. बाहेर जाऊ का, होडीत बसू का, पाखराला घरात झोपवू का, असं असावं. आणि आजा दर वेळी चिलीम न काढता म्हणतो, "नो." कधी "अनो."

आता नो एवढं इंग्रजी आमच्या वस्तीवर सगळ्यांना येत होतं. पलटणीतली माणसं घरोघरी. सरांनी तर अनोचीही फोड करून दिली. अ म्हणजे एक, नो म्हणजे नकार. अनो म्हणजे एकदाच सांगतो, नाही. त्यामुळं मामीनं आजाला पक्का नन्नाचा पाढा दिला. आजा नगं म्हनतूय. आजा आजून बी नगं म्हनतूय. आणि गंमत म्हणजे आजानं नगं म्हटलं की पुढच्याच चित्रात पोरगी नेमकं तेच करत असायची, खुशाल, हसत. मामी म्हणायची, ऐकतीया व्हय ही! पोरींनी टाळ्या पिटल्या. इतकी बेधडक पोरगी आम्ही कधी बघितली नव्हती. शेवटी ती दारात उभी, अंगात जाड कोट, हातात पेटी, तालुक्याच्या शाळेला निघालेली असावी. आजाला एकदा शेवटचं विचारते. आजा डोळे पुसतो आणि म्हणतो, "नो." पोरगी जाते. मामीचा आवाज तिथं बसला. ती एवढंच म्हणाली की आजानं न्हाई म्हटलं तरी ती गेली.

मी आज मुलांसाठी लिहिलेलं काही वाचते, बघते, तेव्हा त्या सिनेमांची आठवण येते. सरांनी त्या हंगामात तीन सिनेमे दाखवले. एकात लाकडी बाहुल्या होत्या, एकात नुसता पाऊस आणि दोन भाऊ. तिन्हींत मोठ्या माणसांना बोलायला अगदी थोडं होतं. शहाणपण सांगणारं कुणी नाही, शेवटी हात वर करून उपदेश नाही. आजा लाकूड तासतो आणि एक शब्द बोलतो. बाकी सगळी जागा पोरीची. हे त्या सोनारांचं काम. लांब कुठल्या गारठ्यात, शेगडीजवळ बसून त्यांनी एकेक शब्द वजन करून टाकला असणार, आणि आमच्याकडं आल्यावर मामीनं त्यात घमेलंभर शब्द ओतले. ओवाबाईनं ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. की हसली असती? मला वाटतं, हसली असती.

आता मामीचं खरं दुखणं सांगते. पुढच्या मार्चला मॅट्रिकला बाहेरून बसायचा फॉर्म सरांनी तिच्यासाठी आणून ठेवला होता. तो ज्वारीच्या कणगीमागं, माझ्या जुन्या वहीत. मामानं पलटणीतून पत्र लिहिलं होतं की माझी ना नाही, आबांना विचारा. ते पत्र आबांनी मला दोनदा वाचायला लावलं, घडी करून कोपरीच्या खिशात ठेवलं, आणि म्हणाले, "बघू." झालं ना मग. मामी त्या दिवशी जेवली नाही. सरांनी सांगितलं होतं, सुट्टी लागायच्या आत घरच्यांचं हो का नाही ते कळवा, म्हणजे पुस्तकांची जुळणी करता येईल. सुट्टीला तीन आठवडे उरले होते. सासऱ्याला तोंडावर विचारायची रीत नव्हती, आणि माझ्याकरवी विचारावं तर पुन्हा बघू आलं असतं. दुसऱ्यांदा आलेलं बघू कायमचं असतं, असं मामी म्हणायची.

सिनेमा इतका गाजला की पुढच्या बाजारी पुन्हा लावायचं ठरलं. कुंडलची एक पाहुणी मुद्दाम राहिली, शेजारच्या वस्तीवरच्या बायका आल्या. आणि आबाही आले. कशाला आले कोण जाणे, त्यांचं धोतर आहे म्हणून असेल. सगळ्यात मागं एक पेटी पालथी घालून बसले. मामीनं त्यांना आत येताना पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, आज ही बोलत नाही. पण पोती सोडली, अंधार झाला, मशीन घरघरायला लागलं आणि मामी बोलायला लागली. पहिल्यापेक्षा हळू, पण बोलली.

शेवट आला. पोरगी दारात, कोट, पेटी. मी मामीकडं बघत होते, कारण मागच्या वेळी इथं तिचा आवाज बसला होता. पडद्यावरच्या उजेडात तिचे हात दिसत होते, पदराचं टोक पिळणारे. पोरीचे ओठ हलले आणि मामी म्हणाली, "आबा, मी परीक्षेला बसू का?"

पोरगी सिनेमाभर आजा म्हणत होती. या एका खेपेला आजाचा आबा झाला. शेडमधल्या बायकांना हे कळायला वेळ लागला नाही. इतका वेळ चाललेली कुजबुज थांबली, नुसतं मशीन चालू राहिलं. पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "नो." मामी पुढचं बोललीच नाही. तिच्याच्यानं ते नगं म्हणवेना. सर मदतीला धावले, पुढच्या रांगेतून म्हणाले, "नाही म्हणतोय तो."

आणि मागून आबांचा आवाज आला. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा असतो तसा, लागतो त्याहून मोठा. "त्यो न्हाई कुठं म्हनतूय? व्हय म्हनतूय त्यो. मान बघा की त्याची."

सरांनी आदरानं सांगायचा प्रयत्न केला की आबा, नो म्हणजे नाही. आबांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकू आलं नाही. उठले, पालथी पेटी सुलटी केली आणि मळ्यात गेले. सिनेमा संपला. पोती काढली तेव्हा मामी तिथंच उभी होती, डोळे मिचकावत. उजेडामुळं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी वहीतला फॉर्म निघाला आणि तिनं मला सरांकडं पिटाळलं, घरातून होकार आहे असं सांगायला. आबांपुढून मी वही घेऊन गेले. त्यांनी बघितलं. मग मळ्याची वाट धरली.

त्या मे महिन्यात आई बरी झाली आणि मी साताऱ्याला परत गेले. मामी मॅट्रिक झाली, मग मास्तरीण झाली, आष्ट्याच्या बाजूला एका शाळेतून निवृत्त झाली, हे सगळं मला पत्रांतून आणि लग्नकार्यांतून कळत गेलं. पण ते नो माझ्या डोक्यातून गेलं नाही. सर खरे की आबा? इंग्रजी शिकले तसतसं सरांचं पारडं जड होत गेलं. नो म्हणजे नाहीच. मग आबा सुनेला उत्तर देत होते, सिनेमाचं निमित्त करून. केवढा हुशार म्हातारा, असं म्हणत मी ही गोष्ट माझ्या मुलांना सांगितली, विद्यार्थ्यांना सांगितली.

यंदा खोका आला नाही, मीच गेले. मामेभावाचा मुलगा आता द्राक्षं परदेशी पाठवतो. शेड तीच, तिला आता पांढऱ्या फरशा आणि गारव्याची खोली. मामी ओसरीवर खाटेवर बसलेली, पंचाहत्तरीच्या घरात, कान आबांसारखेच गेलेले. त्या दिवशी माल बघायला एक परदेशी पाहुणा आला होता, बरोबर पुण्याचा दुभाष्या. पाहुण्यानं घड उचलला, उजेडात धरला, एक मणी तोंडात टाकला. पोरानं विचारलं, बरा आहे ना? पाहुणा चघळत म्हणाला, "नो. नो, नो." पोराचा चेहरा पडला. वर्षाची मेहनत त्या एका मण्यात.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, मान बघ की त्याची."

मान होकाराची होती. दुभाष्या हसून म्हणाला, हे चेक आहेत, यांच्यात होकाराला अनो म्हणतात, बोलता बोलता नुसतं नो. घाबरू नका, माल आवडलाय त्यांना. पोरगा हसला, पाहुण्यानं आणखी दोन मणी खाल्ले. मी मात्र तिथंच पालथ्या क्रेटवर बसले. म्हणजे ओवाबाईचा म्हातारा सिनेमाभर होच म्हणत होता. बाहेर जाऊ का, हो. होडीत बसू का, हो. शाळेला जाऊ का, हो, डोळे पुसत हो. ती पोरगी बेधडक नव्हती, लाडाची होती. इंग्रजी कळणारे आम्ही सगळे चुकलो, आणि ज्याला ऐकूच येत नव्हतं त्यानं नुसतं बघून ओळखलं.

पळत ओसरीवर गेले आणि मामीच्या कानाशी मोठ्यानं सगळं सांगितलं. आबा बरोबर होते, म्हातारा व्हयच म्हणत होता. मामीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघत राहिली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले. ती हळू म्हणाली, "म्हंजी आबांनी नुसतं सिनेमातलंच सांगितलं म्हन की. मी इचारल्यालं त्यास्नी ऐकायला गेलंच नसंल."

मी जीभ चावली. ज्या एका शब्दावर तिनं फॉर्म भरला, नोकरी केली, पोरं शिकवली, तो शब्द तिला दिलेलाच नव्हता, असं मी तिला पंचाहत्तरीत येऊन सांगितलं होतं. शेडमधून पेट्या सरकवल्याचा आवाज येत होता. मामीनं माझ्या हातातल्या घडातला एक मणी तोडला, लव पदराला पुसली आणि तोंडात टाकला.

मग म्हणाली, "तर मग भर मार्चात, मांडव घडांनी वाकल्याला टाकून, सांगलीला माजं समदं पेपर हुईस्तवर शाळंच्या फाटकाम्होरं लिंबाखाली कोन बसत हुतं गं? त्यो सिनेमातला म्हातारा?"